नाशिकहून बेटांवर स्कूबा-स्नॉर्कलिंगला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कॉम्प्रेसर, एअर लाइन, व्हॉल्व्ह, गेज हे माझं रोजचं काम, आणि सुट्टी मिळाली की समुद्र. त्यामुळे ओळखीतलं कुणी मालवणला नाहीतर अंदमानला निघालं की फोन मला येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आता फोन आला की हेच पाठवतो.

स्नॉर्कलिंग आणि स्कूबा यात फरक काय? आधी कुठलं करावं?

स्नॉर्कलिंगमध्ये तुम्ही पाण्यावर पालथे तरंगता. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पायात फिन, आणि श्वास वरच्याच हवेचा. स्कूबात पाठीवर सिलिंडर बांधून खाली जायचं असतं.

आधी स्नॉर्कल करा. हे मी सांगितलं की लोकांना वाटतं, हा आपले पैसे वाचवतोय. तसं नाही. पहिल्यांदा सिलिंडर लावलेला माणूस वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं स्वतःच्या श्वासाकडेच कान लावून असतो. समोरून मासे जातात, पण त्याचं लक्ष असतं हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजकडे, इन्स्ट्रक्टरच्या हाताकडे आणि मास्कमध्ये शिरलेल्या चमचाभर पाण्याकडे. तोंड पाण्यात घालून तोंडानंच शांत श्वास घ्यायची सवय आधी झाली असेल तर तीच वीस मिनिटं खरोखर बघण्यात जातात.

दुसरं असं, की प्रवाळाचा रंगीत भाग बऱ्याचदा वरच्या चार-पाच मीटरांतच असतो. पाणी आधी लाल रंग गिळतं. आठ-दहा मीटरवर लाल कुंकूसुद्धा काळपट दिसतं. म्हणजे उथळ, स्वच्छ पाण्यात वरून तरंगणाऱ्याला जे रंग दिसतात, ते खाली गेलेल्याला टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाहीत.

पोहता येत नाही. चालेल का?

मालवणला किंवा अंदमानातल्या हॅवलॉकला जी एकदाची, हौसेची डाइव्ह करवतात तिला पोहता यायची अट नसते. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुमचा सिलिंडर धरून असतो. सर्टिफिकेटचा कोर्स करायचा असेल तर मात्र न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं दाखवावं लागतं.

पण एक सांगतो. न पोहणाऱ्याला भीती खोलीची वाटते, आणि अडचण येते वर, होडीच्या शिडीपाशी, लाट तोंडावर आपटते तेव्हा. तेवढ्यासाठी तरी दोन महिने आधी तलावावर जा.

नाशिकमध्ये सराव कुठे करायचा? गंगापूर धरणात?

धरणात नको. पाणी गढूळ असतं, तळाचा अंदाज येत नाही, आणि तिथे सराव करून शिकण्यासारखं काही नाही. त्र्यंबक रोडवरचा सावरकर तरण तलाव किंवा तुमच्या जवळचा कुठलाही तलाव पुरतो. सकाळच्या बॅचला मास्क आणि नळी घेऊन जा (आधी तिथल्या प्रशिक्षकाला विचारा, काही ठिकाणी हरकत घेतात). पहिले दोन दिवस कंबरभर पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवून श्वास. मग तरंगत. मग नळीत मुद्दाम पाणी घेऊन ते जोरात फुंकून बाहेर काढायचं. ज्याला हे शेवटचं जमलं, तो समुद्रात घाबरत नाही.

गोड्या पाण्यात तुम्ही जेवढे बुडता, तेवढे खाऱ्या पाण्यात बुडत नाही. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. ऐंशी किलोचा माणूस सामानासकट खाली न्यायला समुद्रात दोनेक किलो शिसं जास्त बांधावं लागतं. तलावात तरंगायला त्रास झाला म्हणून खचू नका, समुद्र मदत करतो.

पाण्याखाली ऑक्सिजनचा सिलिंडर संपला तर?

पहिली गोष्ट, त्यात ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, तुम्ही आत्ता घेताय तीच, गाळून, कोरडी करून दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन तर सहा-सात मीटरच्या खाली विषारी ठरतो.

आता आकडे, कारण आकडे कळले की भीती कमी होते. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार दाब असतो. आमच्या कारखान्यातली एअर लाइन सात बारची. डाइव्हचा सिलिंडर भरतात २०० बारला. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा बसते. शांत माणूस वर मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून तीच छाती भरायला हवाही दुप्पट लागते. ५० बार राखीव ठेवून हिशेब केला तरी दहा मीटरवर पाऊण तास निघतो. हौसेची डाइव्ह वीस-पंचवीस मिनिटांची असते. घाबरलेला माणूस हवा भराभर संपवतो हे खरं, पण गेज इन्स्ट्रक्टर बघत असतो, आणि त्याच्या सिलिंडरला तुमच्यासाठी तोंडात धरून श्वास घ्यायची एक जादा तोटी असते, बहुधा पिवळी. ती कुठे लटकवली आहे ते पाण्यात उतरायच्या आधी हात लावून बघा.

हवा संपण्यापेक्षा मोठी चूक म्हणजे वर येताना श्वास रोखून धरणं. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येता येता दुप्पट जागा मागते. बाहेर जायला वाट नसेल तर फुप्फुस फाटतं. आमच्याकडे रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) अडकलेल्या टाकीजवळ कुणी उभंसुद्धा राहत नाही. म्हणून या खेळाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

कधी जावं? आम्ही द्राक्षवाले, जानेवारी ते एप्रिल हलता येत नाही.

निफाड-पिंपळगावकडून हा प्रश्न दरवर्षी येतो. जानेवारीपासून काढणी, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. द्राक्षवाला नक्की कधी मोकळा असतो हे देवालाच ठाऊक, पण जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस काढता येतात असं सगळे म्हणतात. आणि नेमका तेव्हा आपला पश्चिम किनारा बंद. जून ते ऑगस्ट कोकणात पाण्यातले खेळ थांबलेले असतात, गोवा आणि मुरुडेश्वरही तसंच. पावसाळ्यात अंदमानला जाऊन खोलीच्या खिडकीतून पाऊस बघून आलेली दोन कुटुंबं माझ्या माहितीत आहेत.

पण आपला पाऊस म्हणजे जगाचा पाऊस नव्हे. श्रीलंकेचा पूर्व किनारा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आडोशाला येतो. त्रिंकोमालीजवळचं पिजन आयलंड मे ते सप्टेंबर छान असतं. कमरेएवढ्या पाण्यात प्रवाळ, आणि नशीब असेल तर काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क. बालीचा कोरडा हंगामही साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. थायलंडच्या आखातातलं को ताओ बेट जुलै-ऑगस्टमध्ये चालू असतं, तर त्याच देशाच्या दुसऱ्या बाजूची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरकारच बंद ठेवतं. तिकीट काढताना फक्त 'थायलंड' बघू नका, कुठल्या बाजूचा समुद्र ते बघा.

दिवाळीच्या सुट्टीवाल्यांनी कोकणात नुकतंच निवळू लागलेलं पाणी धरून चालावं. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे सर्वांत चांगलं. अंदमान डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत अंदमान जमतं, पण शेवटच्या आठवड्यात पावसाचा भरवसा नाही.

मालवणला जाऊन आलो, पाणी गढूळ होतं. फसवलं का?

नाही. कोकणातल्या नद्या गाळ आणतात, किनारा दूरवर उथळ आहे, लाट तळ ढवळते, आणि पाण्यात सूक्ष्म जीवही भरपूर असतात. म्हणूनच तर तिथे मासळी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास चांगल्या दिवशी पाच-सात मीटर दिसलं तर खूश व्हावं. ते खडक, ती मासळी, आणि १६६४ साली बांधायला घेतलेल्या तटाच्या सावलीत पाण्याखाली जाणं, याला वेगळी मजा आहे. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. फोटोत दिसतं तसं निळं पाणी हवं असेल तर मात्र जिथे नदीच नाही अशा बेटांवर जावं लागतं.

मधला पर्याय म्हणजे कर्नाटकातलं नेत्राणी बेट. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत. होडीत दीड तास हलायला होतं, पण पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ. एका फेरीत मुरुडेश्वरचं दर्शनही होतं, म्हणून घरातले मोठेही तयार होतात.

अंदमानात नेमकं कुठे?

नावं बदलली आहेत, त्यामुळे गोंधळ होतो. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (दोन्ही २०१८ पासून), आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. होडीवाले अजून जुनीच नावं घेतात.

नवशिक्याने हॅवलॉकला जावं. किनाऱ्याजवळचं निमो रीफ उथळ आहे, पहिल्या डाइव्हसाठी बहुतेकांना तिथेच नेतात. स्नॉर्कलिंगसाठी एलिफंट बीच, पण तिथे गर्दी इतकी की कधी कधी माशांपेक्षा पायच जास्त दिसतात. सकाळची पहिली होडी गाठा. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकून हट्ट करू नका. ती खोल ठिकाणं आहेत, प्रवाह जोराचा असतो, प्रमाणपत्र आणि थोडा अनुभव असलेल्यांसाठीच. नीलला भरतपूर बीचवर धक्क्याजवळ शांत, उथळ पाणी मिळतं. वय झालेल्यांना घेऊन जायला मला तेच आवडतं.

आणि वंडूर. पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ चं. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आळीपाळीने उघडी ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला विसावा मिळतो. प्लॅस्टिकची बाटली, पिशवी, चिवड्याचं पाकीट काहीच नेऊ देत नाहीत. स्टीलच्या डब्यात न्या. आपल्याकडे डब्यांना काय तोटा!

एक सूचना. तिथे सूर्य हिवाळ्यात पाचच्या सुमारास मावळतो. आपल्या सवयीने दहाला नाश्ता करून निघालात तर अर्धा दिवस गेलाच. डाइव्हची होडी सकाळी सहा-सातला सुटते. दुसरी सूचना, मगरींच्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. खारफुटी आणि खाडीच्या तोंडापाशी पाण्यात उतरायचं नाही.

लक्षद्वीप मालदीवपेक्षा स्वस्त आणि सोपं, असं ऐकलं.

सुंदर आहे, पण सोपं नाही. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय पुढचं तिकीट काढू नका. ३६ बेटांपैकी वस्ती दहावरच. विमान अगत्तीला उतरतं, जहाज कोचीहून सुटतं. नाशिकरोडला थांबणाऱ्या मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसच्या नावात लक्षद्वीप आहे म्हणून एकाने मला विचारलं होतं, ती थेट जाते का. ती एर्नाकुलमपर्यंत जाते, पुढे समुद्र आहे. पण सल्ला म्हणून वाईट नाही: एकाच गाडीत बसून कोकण रेल्वेने एर्नाकुलम, आणि तिथून जहाज.

स्नॉर्कलिंगसाठी लक्षद्वीपसारखी जागा देशात नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, भिंतीच्या आत छातीभर निवांत पाणी. कदमत आणि बंगारम ही नावं लक्षात ठेवा. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र जास्त तापला आणि तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे फोटो बघून जाऊ नका.

मालदीवला रिसॉर्ट परवडत नाही. मग?

स्थानिक लोकांच्या बेटांवर गेस्ट हाऊस आहेत. माफुशी माहीतच असेल. धिगुराह बेटावरून व्हेल शार्क बघायला जातात. तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा असतो, एवढं सांभाळलं की झालं. भारतीयांना व्हिसा पोहोचल्यावर मिळतो.

बा अटॉल या गोल बेटमाळेतला हनिफारू उपसागर मे ते नोव्हेंबरमध्ये मांटांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पाकट म्हणतात ना, त्याचाच हा अवाढव्य भाऊ, पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर, आणि नांगी नाही. तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल. म्हणजे सिलिंडरवाल्यांनाही नळी लावूनच जावं लागतं! मला हा नियम फार आवडतो.

आता थोडं विषयांतर, पण नाशिककराला हे माहीत असावं. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भारताचं भूपृष्ठ उत्तरेकडे सरकताना ज्या तप्त ठिपक्यावरून गेलं, त्यातून हा दख्खनचा पठारी दगड आला. पृथ्वीच्या पोटातला तोच ठिपका पुढे जमिनीबाहेर, समुद्रात जळत राहिला. लक्षद्वीप-मालदीवच्या खालची डोंगररांग त्याच्या वाटेवरची, मॉरिशस त्याच्याच वाटेवरचं, आणि आज रीयुनियन बेटावर तो जागा आहे. ते ज्वालामुखी हळूहळू खचले, आणि त्यांच्या माथ्यावरचं प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहिलं. मधला डोंगर बुडाला, कडेचं कडं उरलं. मालदीवच्या गोल बेटमाळांचा पाया म्हणजे आपल्या अंजनेरीचा समुद्रात बुडालेला चुलतभाऊ.

बालीत पाण्याखाली जहाज दिसतं म्हणे?

तुलांबेन गावी. 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने घायाळ झालं आणि किनाऱ्यावर ओढून आणलं गेलं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते किनाऱ्यावरून समुद्रात सरकलं. आता किनाऱ्यावरून चालतच त्याच्यापर्यंत जाता येतं. वरचा भाग पाचेक मीटरवर असल्यामुळे नळी लावलेल्यालाही दिसतो. किनाऱ्यावर गोल काळे दगड आहेत, रबरी बूट घाला. कासवंच बघायची असतील तर शेजारच्या लोंबोकजवळची गिली बेटं.

खाली गेलं की कान दुखतो. का?

कसारा घाट उतरताना कानात दडे बसतात ना, तेच. फक्त इथे फार झपाट्याने. इगतपुरीहून मुंबईपर्यंत उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम पाऊण मीटर खाली गेलं की वाढतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. दर अर्ध्या-एक मीटरला. नाही सुटलं तर थोडं वर येऊन पुन्हा. जोर लावायचा नाही.

आणि सर्दी असेल तर जायचं नाही. हे मी स्वतःच्या कानाने शिकलो. पैसे भरलेले, सगळा ग्रुप तयार, मला आदल्या दिवसापासून सर्दी. नाकात थेंब टाकून उतरलो. जाताना कान सुटला. खाली दहा-बारा मिनिटांनी औषधाचा जोर ओसरला, आणि वर येताना डावा कान गच्च. ड्रिल फिरवल्यासारखं दुखलं. होडीवर मास्क काढला तर आत गुलाबी पाणी, नाकातून रक्त आलेलं. पुढचे तीन आठवडे डाव्या बाजूने कुणी बोललं की डब्यात बोलल्यासारखं ऐकू यायचं. कानाच्या डॉक्टरांनी पडदा बघितला आणि फक्त एवढंच विचारलं, "किती पैसे भरले होते?"

कुणी स्कूबा करू नये?

दमा, फिट्स, हृदयविकार, ताब्यात नसलेलं बीपी, फुटलेला कानाचा पडदा, नुकतीच शस्त्रक्रिया, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा त्रास: यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदरपणात अजिबात नाही. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, लेखी परवानगी घ्यावी.

उतरण्याआधी एक फॉर्म देतात. त्यावर आपले लोक वाचल्याविना सगळीकडे 'नाही' लिहून सही ठोकतात, कारण 'हो' लिहिलं तर परत पाठवतील. नाशिकहून निघायच्या आधीच तुमच्या डॉक्टरांकडे जा. बेटावर ऐन वेळी डॉक्टर शोधायची आणि खोटं लिहायची वेळ येत नाही.

पाळी चालू असताना चालतं. शार्क येत नाहीत.

डाइव्ह केल्यावर विमानात का बसू देत नाहीत? आणि घाटाचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि नाशिककरांनी तर विचारलाच पाहिजे.

दाबाखालची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. हळू वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. हायड्रॉलिक प्रेसचा दाब झटक्यात सोडला की तेलाला फेस येतो, तो याच कारणाने. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, आणि वाईट झालं तर अर्धांग. म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवतात, आणि म्हणूनच विमानाचा नियम: एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर १८ तास. मी सरळ २४ धरतो.

हा नियम विमानापुरता नाही, उंचीसाठी आहे, आणि साधारण ६०० मीटरपासून तो लागू धरतात. नाशिक किती उंचीवर आहे? जवळपास तेवढ्याच! मालवणहून परतताना रस्ता कुठला धरता यावर बरंच अवलंबून आहे. आंबोलीवरून कोल्हापूरकडे निघालात तर दोन तासांच्या आत सुमारे ७०० मीटरवर पोहोचता, आणि पुढे सातारा-पुणे असा सगळा प्रवास वरच. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलकडून आलात तर पहिले आठ-दहा तास समुद्रसपाटीच्या आसपास जातात आणि कसारा घाट शेवटी लागतो. त्याच गाडीत, त्याच दिवशी, शरीराच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रवास आहेत. सगळ्यात बरं म्हणजे शेवटचा दिवस किल्ला, बाजार आणि सोलकढीसाठी ठेवा. स्नॉर्कलिंगला यातलं काहीच लागू नाही, सकाळी पोहून दुपारी विमानात बसलात तरी चालतं.

घरी आल्यावर सांधा ठणकू लागला, त्वचेवर डाग उठले, हात बधिर झाला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, की डाइव्ह केली होती. यावर उपचार म्हणजे लगेच ऑक्सिजन आणि मग दाबाचा कक्ष.

चष्मा? मिशी? मंगळसूत्र?

नंबरचा मास्क मिळतो, आधी सांगून ठेवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी शिरलं की डोळे मिटा. भरघोस मिशी असेल तर मास्क गळणारच. नाकाखालची रेघभर कापा किंवा तिथे व्हॅसलिन लावा. दागिने खोलीवर ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठ्या गळून पडतात. बायकांनी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट) आणि लेगिंग घालावं, ऊन आणि प्रवाळाचे ओरखडे दोन्हींपासून वाचता. ओढणी नको.

शार्क चावला तर?

नाही चावणार. त्यापेक्षा समुद्री साळिंदराच्या काट्यावर पाय, विषारी काट्यांच्या लायनफिशला लावलेला हात आणि पाठीचं सोललेलं कातडं हे नेहमीचे अपघात. कशालाच हात लावला नाही तर यातले पहिले दोन होत नाहीत.

होडी लागते. काय करू?

उलटीची गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी एक, पण कुठली ते डॉक्टरांना विचारा. काहींनी फार झोप येते, आणि झोपाळू माणसाने डाइव्ह करू नये. रिकाम्या पोटीही जाऊ नका आणि मिसळ हाणूनही जाऊ नका. आदल्या रात्री वाईन नको, नाशिकची असली तरी.

व्यावसायिक चांगला की नाही, कसं ओळखायचं?

दर शेवटी विचारा. आधी हे विचारा: एका इन्स्ट्रक्टरकडे किती माणसं? होडीवर ऑक्सिजनची बाटली आहे का? खोल पाण्याआधी उथळात सराव घेणार का? इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्राचं कार्ड दाखवाल का? चांगला माणूस या प्रश्नांनी खूश होतो.

एका ठिकाणी मी बघितलं, की व्हिडिओत मासे जमावेत म्हणून इन्स्ट्रक्टर बाटलीतून पाव सोडत होता. पाहुण्याभोवती पट्टेवाले मासे घोंघावले, व्हिडिओ झकास आला. पण शेवाळ खाणारे मासे पाव खाऊ लागले की शेवाळ प्रवाळावर चढतं. त्याच खडकावर दुसऱ्या एका पाहुण्याचं बोटही माशाने चावलं, पाव समजून. "पाव नको" असं आधीच सांगा.

आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणला तर? मेलेलाच असतो की.

मेलेलाही नाही. खडक उभारणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. विमानतळावर बॅगेत सापडलं तर थेट गुन्हा. मंगळासाठी घालतात ते पोवळं हा वेगळा जीव आहे, ते सराफ बाजारातून पावती घेऊनच घ्या.

मुलांना कितव्या वर्षापासून?

तलावात दोन मीटरपर्यंत आठव्या वर्षी, समुद्रात दहाव्या वर्षापासून. स्नॉर्कल पाचव्या-सहाव्या वर्षीही चालतं, मास्क लहान मुलांच्या मापाचा हवा. मुलाला नको असेल तर फोटोसाठी ढकलू नका.

स्वतःचं काही विकत घ्यावं का?

फक्त मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हवा आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. नवीन काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा. पाण्यात उतरायच्या आधी आत थुंकी चोळून धुवायची, म्हणजे धुकं धरत नाही. ऐकायला घाण वाटतं, पण सगळे तेच करतात. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी घेऊ नका म्हणतो, अडचणीत ते चटकन निघत नाहीत.

आई सत्तरीची आहे. तिला किनाऱ्यावर बसवून ठेवू का?

हृदय आणि बीपी ठीक असेल तर नका बसवू. माझ्या आईला मी नीलला भरतपूर बीचवर नेलं होतं, तेव्हा ती अडुसष्टची. गोदावरीशिवाय कुठल्याच पाण्यात ती कधी उतरली नव्हती, तीही रामकुंडात, साखळी धरून. आधी म्हणाली, "अरे, या वयात हे सोंग कशाला?" मग लाइफ जॅकेट घातलं, एका हाताने रबरी रिंग धरली, दुसरा हात माझ्या हातात. ठरवलं होतं, दोनदा हात दाबला की मान वर काढून परत फिरायचं. पहिल्या मिनिटाला दाबला, नळीत पाणी गेलं होतं. खोकली, नाक पुसलं, पुन्हा तोंड बुडवलं. खाली वाळूवर एक समुद्रकाकडी पडलेली, आणि तिच्या पलीकडे निळे पोपटमासे कटकट आवाज करत खडक कुरतडत होते. तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. वीस मिनिटं झाली, माझी पाठ भाजायला लागली, होडीवाला लांबून हात करत होता. तिने काही हात दाबला नाही. शेवटी मलाच दाबावा लागला.